‘जस्ट’ शिकवायचं तर आधी ते वाक्यातून काढून बघा

माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येणारी एक मुलगी मागच्या उन्हाळ्यात नागपूरला मुलाखतीला गेली होती. बारावीला 81 टक्के. शिक्षण विचारल्यावर ती म्हणाली, "आय जस्ट पास्ड ट्वेल्थ." तिला म्हणायचं होतं, नुकतीच बारावी पास झाली. समोरच्या साहेबांनी ऐकलं, जेमतेम पास झाली. त्यांनी पुढं विचारलं की कोणता विषय अवघड गेला, कशात काठावर आलीस? पोरगी गोंधळून गप्प बसली. रात्री दारव्ह्याहून शेवटच्या एसटीनं गावात उतरली ती घरी न जाता आमच्या ओट्यावर आली. "मी काय चुकीचं बोलली जी, मॅडम?"

चुकीचं ती काहीच बोलली नव्हती. त्या वाक्याचे दोन्ही अर्थ खरे आहेत, आणि हे मी तिला कधी शिकवलंच नव्हतं. तेव्हापासून या एका शब्दाला मी आठवडाभर देते. खेड्यात इंग्रजी शिकवणाऱ्यांना किंवा घरी पोरांचा अभ्यास घेणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून माझी रीत सांगते.

पहिल्या दिवशी डिक्शनरी उघडू देऊ नका. अर्थांची ती लांबलचक यादी पाहून पोरं एकच अर्थ पाठ करतात, ‘फक्त’, आणि तोच सगळीकडे लावतात. त्याऐवजी वाक्य फळ्यावर लिहा, ‘जस्ट’ पुसा आणि विचारा, काय गेलं? "द बस जस्ट लेफ्ट" मधून काढलं तर एसटी गेली एवढंच उरतं, ‘आत्ताच’ जातं. "इट इज जस्ट वॉटर" मधून काढलं तर ‘नुसतं’ जातं. "ही इज जस्ट लाइक हिज फादर" मधून ‘अगदी’ जातं. पोरांना घरच्या बोलीत सांगू द्या. "निस्तं पाणी आहे" असं कुणी म्हटलं तर प्रमाण मराठीसाठी अडवू नका. अर्थ तिथंच सापडतो.

दुसऱ्या दिवशी मी तराजू आणते, दुकानातला जुना, मधोमध काटा असलेला. हा शब्द मुळात लॅटिनचा, ‘जस्टस’, म्हणजे न्यायी, सरळ. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला उद्देशिका असते, तिच्यातल्या ‘जस्टिस’चं, म्हणजे न्यायाचं, मूळही तेच. इंग्रजीत न्याय्य निर्णयाला आजही ‘जस्ट डिसिजन’ म्हणतात. जे न्यायाचं ते मापात बरोबर, म्हणून ‘अगदी, नेमकं’ हा अर्थ आला. मग मी एका पारड्यात किलोचं वजन आणि दुसऱ्यात तूर टाकते. काटा मधे आला की म्हणते, हे ‘जस्ट’. आता "किलोच्या वर दाणा नाही" असं बघितलं की ‘फक्त किलोभर’ झालं. "कसाबसा किलो भरला" असं बघितलं की ‘जेमतेम’ झालं. आणि वजनाऐवजी वेळ मोजली, नेमकी हीच घटका, तर ‘आत्ताच’. पारड्यातली तूर तेवढीच राहते, आपण बघतो कुठून ते बदलतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पोरं विसरत नाहीत. यात घाई करू नका.

मग त्या मुलीच्या वाक्याकडे वळते. ब्रिटिश पद्धतीत ‘नुकतंच’ सांगताना ‘हॅव’ लागतो: "आय हॅव जस्ट पास्ड." अमेरिकेत ‘हॅव’ नसला तरी चालतं, आणि हल्ली मोबाईलवर कानावर पडणारं बरंच इंग्रजी तिकडचं. त्यामुळं ‘हॅव’ गळतो आणि ‘नुकतंच’ व ‘जेमतेम’ एका रांगेत येऊन बसतात. त्यात ‘जस्ट’वर जोर दिला तर ऐकणारा बहुधा ‘जेमतेम’च समजतो. ‘ओन्ली जस्ट’ म्हटलं तरी सुटका नाही, त्याचेही ‘आत्ताच’ आणि ‘काठावर’ असे दोन्ही अर्थ होतात. म्हणून मुलाखतीत हा शब्दच टाळायला सांगते: "आय पास्ड ट्वेल्थ धिस इयर, विथ एटी-वन पर्सेंट." आकडा बोलला की गैरसमजाला जागा राहत नाही.

वाक्यातल्या जागेचा धडा आपल्या ‘च’वरून शिकवा. "मी कापूसच विकला" आणि "मी कापूस विकलाच" यातला फरक शाळेत न गेलेल्या आजीलाही कळतो. तसंच "नॉट जस्ट गुड" म्हणजे नुसतं चांगलं नाही, त्याहून जास्त. "जस्ट नॉट गुड" म्हणजे काही केल्या चांगलं नाही. शब्द तेच, जागा बदलली की कौतुकाची निंदा होते.

‘जस्ट नाउ’ मी थोडक्यात उरकते. आपल्याकडे ते आत्ता किंवा क्षणभरापूर्वी. दक्षिण आफ्रिकेत मात्र ‘जस्ट नाउ’ येतो म्हणणारा थोड्या वेळानं येतो, कधी बऱ्याच वेळानं. "हा आलोच" म्हणून वावरातून तासानं येणारे काका घरोघरी असल्यानं पोरांना हे लगेच कळतं.

राहिला ‘जरा’वाला ‘जस्ट’. "आय जस्ट वॉन्टेड टू आस्क", म्हणजे जरा विचारायचं होतं, सहज. बोलताना तो गोड लागतो, अर्जात मात्र घात करतो. एका पावसाळ्यात एका मुलानं वडिलांच्या पीकविम्याची तक्रार इंग्रजीत लिहून आणली होती. काढून ठेवलेलं सोयाबीन पावसात भिजलं होतं. सुरुवातच होती "आय जस्ट वॉन्ट टू इन्फॉर्म", आणि पुढं "क्रॉप वॉज जस्ट हार्वेस्टेड". पहिला ‘जस्ट’ मी खोडला, नुकसान कळवताना सहज कशाला म्हणायचं? दुसरा तर खोडायलाच हवा होता. तेव्हा असं नुकसान 72 तासांत कळवावं लागायचं, तिथं ‘नुकतंच’ काय कामाचं? काढणीची तारीख, पाऊस आला ती तारीख आणि वेळ, गट नंबर, एवढं लिहायला लावलं. अर्ज चार ओळींचा झाला आणि मुलानं तो माझ्यासमोरच मोबाईलवरून पाठवला.

आठवडा संपताना मी एकच वाक्य घरी देते: "आय जस्ट सॉ हिम." नुकतंच पाहिलं, जेमतेम दिसला, की नुसतं पाहिलं, बोलले नाही? तिन्ही लिहून आणायचे आणि प्रत्येकाच्या पुढं असं एक वाक्य जोडायचं की बाकीचे दोन अर्थ निघूच नयेत. मुलाखतीला गेलेल्या त्या मुलीची वही अजून माझ्याकडे आहे. तिसऱ्या अर्थापुढं तिनं लिहिलंय, "देअर वॉज अ क्राउड ॲट द बस स्टँड, सो वी डिड नॉट टॉक."