नागपूरच्या उन्हात मधुमालती लावावी की गलांडा?

आधी जागा बघा, फूल नंतर ठरवा. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि तिच्यापुढे जेमतेम दोन-तीन फूट जमीन आहे, तर मधुमालतीच लावा. मोकळा वाफा असेल आणि रोज सहा तास ऊन येत असेल, तर डेझीच्या कुळातला गलांडा, म्हणजे गॅलार्डिया. पांढरी डेझी ऑक्टोबरात पेरली तर थंडीत छान फुलते, पण एप्रिलच्या झळांत करपते.

मधुमालती पहिला दमदार पाऊस झाला की लावावी. भिंतीपासून दीड फूट सोडून दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून निम्मी माती, पाव शेणखत, पाव जाड रेती आणि दोन मुठी निंबोळी पेंड. आधार पहिल्याच दिवशी लोखंडी हवा. बांबू वेलीच्या वजनाने वाकतो आणि मग गुंता सोडवता येत नाही. संध्याकाळी पांढरं उमललेलं फूल सकाळी गुलाबी दिसतं, पुढे लाल होतं. एकाच झुबक्यात तिन्ही रंग लोंबतात. वास रात्री दरवळतो, तेव्हा खिडकीजवळची भिंत निवडा. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून फेब्रुवारीअखेर एक तृतीयांश छाटणी करावी. नुसतीच पानं माजली तर युरिया जास्त झाला किंवा ऊन कमी पडलं, असं समजा.

गलांड्याचा खरा शत्रू ऊन नव्हे, साचलेलं पाणी. वाफा अर्धा फूट उंच करा, नाहीतर जुलैत मुळं कुजतात. बी आठ-दहा दिवसांत उगवतं. चार-पाच पानांवर आलेली रोपं सव्वा फुटावर लावा. मे महिन्यात भर दुपारी पानं मलूल होतात आणि माणूस घाईने पाणी घालतो. तिथेच रोप जातं. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर थांबा, संध्याकाळी पानं आपोआप सावरतात. पाकळ्या गळून उरलेले केसाळ गोंडे देठासकट खुडत राहा, नाहीतर झाड बी धरतं आणि कळ्या थांबतात.

दोन्ही लावायची असतील तर वाफा वेलीपासून चार फूट दूर ठेवा. मधुमालतीची मुळं लांबवर फुटवे काढतात. ते वरून कापले तर पुन्हा येतात, मुळासकट खणून काढावे लागतात.