मांगावरून फिल्म करताय? आधी या चुका टाळा

दिवाळीच्या आदल्या रात्री पणजी-म्हापशात नरकासुर बघत फिरलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. बांबू, गवत आणि कागद यांतून उभा केलेला पंधरा-वीस फुटी राक्षस, डोळे परातीएवढे, तरी समोर गेलं की पोटात गोळा येतो. रात्र असते, खालून दिवे मारलेले असतात, कानठळ्या बसवणारं संगीत असतं आणि मुख्य म्हणजे आपण त्याला माणूस समजत नसतो. तेच मोठाले डोळे कॉलेजच्या एखाद्या पोराच्या चेहऱ्यावर रंगवून त्याला भर दुपारी मिरामारच्या वाळूत उभं करा. भेळवालाही हसेल.

मी जत्रेतल्या नाटकांची आणि दशावतारी काल्याची रंगभूषा करतो. घरात विग, दाढ्या, मुकुट पडलेले असतात. त्यामुळे गेली काही वर्षं मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, नादी लागलेली पोरं माझ्याकडे येतात. कुणाला दहा मिनिटांची फिल्म करायची असते, कुणाला नुसतं रील. माझा भाचाही त्यातलाच, त्याच्याबद्दल पुढे येईलच. या पोरांच्या चुका ठरलेल्या आहेत, आणि गंमत म्हणजे हॉलीवूडने शेकडो कोटी खर्चून त्याच केल्या आहेत.

पहिली चूक: केस आणि डोळे जसेच्या तसे

पोरगा मोबाइलवर चित्र दाखवतो आणि म्हणतो, "मामा, अस्सेच केस पाहिजेत." ते केस कागदावर चार रेषांचे असतात, त्यांना वजन नसतं, वारा लागत नाही. इथे खऱ्या विगमध्ये ते उभे करायला अर्धी बाटली स्प्रे जातो आणि वर दिसतं काय, तर डोक्यावर ठेवलेलं हिरवं अननस.

या बाबतीत 'वन पीस'ची नेटफ्लिक्स मालिका (2023) नीट बघण्यासारखी आहे. ओदा एइचिरो 1997पासून ती मांगा काढतायत, आणि मालिकेवर त्यांचा स्वतःचा हात होता. माझं समाधान होईपर्यंत ती प्रदर्शित होणार नाही, असं त्यांनी चाहत्यांना लिहून कळवलं होतं. आता त्यात काय गाळलं ते बघा. उसोपचं लांब नाक गाळलं, सांजीची टोकाला वळलेली भुवई गाळली. आणि ठेवलं काय? गोगलगायीचा टेलिफोन! तोही हाताने बनवलेला, डोळे फिरवणारा. म्हणजे माणसाच्या चेहऱ्याला चिकटलेली अतिशयोक्ती काढली आणि त्या जगातल्या वस्तूंची ठेवली. गोगलगाय कितीही विचित्र असली तरी आपण मान्य करतो. चेहऱ्याचं तसं नाही, चेहरे आपण जन्मापासून वाचत आलोय.

दुसरी वाट म्हणजे चेहरा पूर्ण झाकणं. काल्यातला संकासुर काळ्या बुरख्यात असतो, म्हणून त्याची लोंबती लाल जीभ चालते. 'अलिता: बॅटल एंजल'मध्ये (2019) नायिकेचे डोळे मांगासारखे मोठे केले, पण तिथे रोसा सालाझारच्या अभिनयावर सबंध चेहराच संगणकाने घडवला होता. अर्धा माणूस आणि अर्धं चित्र हा प्रकार सगळ्यात वाईट. 'सॉनिक'चा पहिला ट्रेलर 2019च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा त्या निळ्या प्राण्याच्या तोंडात माणसासारखे दात होते. लोकांनी इतका ओरडा केला की त्याचं रूप नव्याने केलं आणि सिनेमा नोव्हेंबरवरून पुढच्या फेब्रुवारीवर गेला.

आता नेहमीच्या तक्रारी.

विग कॅमेऱ्यात चमकतो. हलक्या सिंथेटिक विगचं हे होणारच. थोडी टाल्कम पावडर चोळा, झटका, पुन्हा बघा. आणि चित्रातल्यापेक्षा रंग दोन छटा खाली आणा. 'रुरौनी केनशिन'च्या नायकाचे मांगातले लाल केस सिनेमात तपकिरीकडे झुकवले आहेत, आणि कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

विगची कड कपाळावरून सुटते. गोव्यातल्या घामापुढे स्पिरिट गमचं, म्हणजे विग चिकटवायच्या डिंकाचं, काही चालत नाही. ऑक्टोबरात दुपारी शूटिंग ठेवू नका, सकाळी साडेसहाला सुरू करून नऊला आवरा. तेही जमत नसेल तर कडेवर टोपी, पट्टा, रुमाल, काहीतरी आणा. 'वन पीस'च्या नायकाला, लुफीला, गवती टोपी आहे हे मला तर देवाचं वरदान वाटतं.

कपडे फॅन्सी ड्रेसचे वाटतात. कारण ते नवे आहेत. दोनदा धुवा, एकदा न पिळता वाळत घाला, पांढरं असेल तर चहाच्या पाण्यातून काढा आणि नटाला आदल्या दिवशी ते घालून भाजी आणायला पाठवा. शिगम्याच्या वेशभूषा स्पर्धेत कडक इस्त्रीचा शिवाजी चालून जातो, कारण तो ट्रकवर उभा असतो आणि आपण रस्त्यावर. कॅमेरा हातभर अंतरावर येतो.

दुसरी चूक: रूप उचलता, नियम विसरता

खरी गोम इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

प्रत्येक चांगल्या पात्राचा एक नियम असतो, तो मोडला की पात्र संपतं. केनशिनच्या तलवारीला धार उलट्या बाजूला आहे, कारण त्याने पुन्हा कुणाला मारायचं नाही असं ठरवलंय. ओतोमो केइशी यांच्या त्या सिनेमांत (पहिला 2012चा, एकूण पाच) तलवारबाजी इतकी वेगवान आहे की डोळे दिपतात, पण प्रत्येक मारामारीत एकच प्रश्न लोंबकळत असतो: हा आज शपथ मोडणार का? लाल झगा आणि गालावरची फुलीसारखी खूण कुणीही करील. त्या प्रश्नाला मात्र मेहनत लागते.

आता उलट उदाहरण. 'डेथ नोट' म्हणजे मृत्युदेवाची वही, तिच्यात नाव लिहिलं की माणूस मरतो. ती ज्याला सापडते तो लाइट हा थंड डोक्याचा मुलगा. मांगात मृत्युदेव समोर येतो तेव्हा तो क्षणभर दचकतो आणि लगेच सावरून म्हणतो, मी तुझी वाटच बघत होतो. 2017च्या अमेरिकी सिनेमात तो त्याच प्रसंगी किंचाळत सुटतो. कथा सिएटलला नेली म्हणून लोक चिडले असं सांगतात. माझ्या मते गाव बदललं ते चालून गेलं असतं. किंकाळीने सिनेमा संपवला. 2009च्या 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन'चंही तेच. डोंगरात वाढलेला, जगाचा गंध नसलेला गोकू, त्याला नेऊन बसवला अमेरिकी शाळेत, बाकीची मुलं छळतात असा. सात वर्षांनी त्याच्या पटकथालेखकाने चाहत्यांची जाहीर माफी मागितली.

माझ्या भाच्याने हीच चूक केली. त्याच्या मित्रांनी ठरवलं की 'डेथ नोट' डिचोलीत आणायचा आणि मृत्युदेवाच्या जागी देवचार, म्हणजे गावची हद्द राखणारा आमचा राखणदार, घ्यायचा. कल्पना मला एकदम आवडली. देवचाराच्या खांद्यावर कांबळ, हातात दांडा, आणि मूळ मृत्युदेव सफरचंदावर जीव टाकतो तसा हा विडी आणि सोऱ्यावर, म्हणजे दारूवर! पोरांनी संहिता माझ्या आईसमोर वाचली. तिने मांगा हा शब्दच पहिल्यांदा ऐकला होता. पहिल्या पानावर देवचार कंटाळून एक वही खाली टाकतो. तिथे तिने हात वर केला.

"राखणदार कंटाळता कसो?"

पोरं गप्प. ती म्हणाली, त्याला गावची शींव, म्हणजे हद्द, राखायची असते, रात्रभर फिरावं लागतं, त्याला कंटाळायला वेळ कुठला? आणि वही गावाबाहेरच्या माणसाचं नाव लिहून त्याला मारते, तर शिंवेपलीकडे ह्याचं चालेल कसं?

तीन मिनिटांत फिल्म आडवी. जपानी मृत्युदेवाचा नियम असा की त्याला कुणाशी देणंघेणं नाही, तो गंमत बघायला आलाय. आमच्या राखणदाराला त्या गावापलीकडे दुसरं काही नाही. दोघेही काळोखातले आणि दोघेही माणसाला घाबरवणारे, म्हणून पोरांनी एकाचे कपडे काढून दुसऱ्याला घातले.

असं झालं तर उपाय दोनच. एक, मूळ नियम ठेवा आणि इथे त्यात बसणारं पात्र शोधा, जबरदस्तीने लोककथा घुसडू नका. दोन, इथल्या पात्राचा नियम धरा आणि कथा बदलू द्या, मग ती मूळ मांगा राहिली नाही तरी हरकत नाही. पोरांनी दुसरा रस्ता धरला. वही गेली. आता राखणदार शिंवेच्या आतच माणसाला धरू शकतो, आणि शिंवेलगतचं शेत विकून गेलेला एक मुलगा फक्त एका रात्रीसाठी परत आलाय.

मराठीतही हा खेळ झालेला आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा शाळकरी पोरगा. 2017च्या सिनेमात तो कॉलेजच्या वयाचा झाला, अमेय वाघ त्यात होता. वय बदललं, शहर आजचं झालं, पण नाक खुपसायची खोड आणि तो 'ट्टॉक' आवाज राहिला. माझ्या पिढीच्या वाचकांना वय खटकलं असेल, मला खटकलं नाही. 'चिंटू'चं (2012) काम जास्त अवघड होतं. पेपरातल्या तीन-चार चौकटींत संपणारा विनोद दोन तास ताणायचा म्हणजे विरजणाच्या थेंबात दुधाचा टँकर लावण्यासारखं.

तिसरी: चौकटींची झेरॉक्स

पोरं मांगाची पानं छापून आणतात आणि तेच शॉट लावतात. कागदावर वेळ वाचकाच्या हातात असते, एका चौकटीवर तो पाच सेकंद थांबतो, दुसरी उडी मारून जातो. पडद्यावर ती सवलत नाही. हवेत उडी मारलेला माणूस चौकटीत तीन वाक्यं बोलू शकतो; तुमचा नट तोवर खाली पडलेला असतो. पार्क चान-वूक यांचा कोरियन 'ओल्डबॉय' (2003) जपानी मांगावरून आहे. त्यांनी सूडाचं मूळ कारणच बदललं, आणि बोळातली ती हातोड्याची मारामारी एकाच सलग शॉटमध्ये, बाजूने, घेतली. तिथे माणूस दमतो, धापा टाकतो, भिंतीला टेकतो. 2004ला कान चित्रपट महोत्सवात त्याला ग्रां प्री पुरस्कार मिळाला.

मनातली बडबड हा याचाच भाऊ. मांगात पानभर विचार चालतात, फिल्ममध्ये पानभर निवेदन आलं की लोक मोबाइल काढतात. 2006च्या जपानी 'डेथ नोट'मध्ये मात्सुयामा केनइचीने एल नावाचा गुप्तहेर केला. खुर्चीवर पाय वर घेऊन उकिडवं बसणं आणि गोड खात राहणं एवढ्यानेच कळतं की या डोक्यात काहीतरी चाललंय. तुमच्या पात्राचं असं एक काम शोधा, नाहीतर तो सीन कापा.

चौथी: सगळंच दाखवायचं

'ड्रॅगन बॉल' 42 खंडांची आहे आणि 2009चा सिनेमा दीड तासाचाही नाही. यावर आणखी काय बोलायचं? दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये एक भेट, एक भांडण, एक निर्णय, यातलं एक घ्या.

हक्क

हे कुणाला ऐकायचं नसतं. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो, आणि रूपांतराचा हक्क त्यातच येतो. "आम्ही पैसे कमवत नाही" म्हटल्याने परवानगी मिळत नाही. घरच्यांना आणि मित्रांना दाखवणं वेगळं, यूट्यूबवर टाकणं वेगळं. गोव्यात सार्वजनिक जागी चित्रीकरण करायचं तर एन्टरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवाकडे आधी विचारा. आग्वादसारखा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत येतो, तिथे ट्रायपॉड उघडण्याआधी विचारा. आणि दाबोळीला नौदलाचा तळ आहे, तेव्हा ड्रोनचं खूळ डोक्यातून काढा.

आवाज

किनाऱ्यावर घेतलेला संवाद लाटांत बुडतो, माइकला केसाळ टोपी घातली तरी. तो संवाद नंतर घरी, रात्री, पंखा बंद करून पुन्हा घ्या. आमच्या पोरांनी सुरुवातीला देवचार दाखवायचा हट्ट धरला होता. मी दोन तास रंगवला, कांबळ टाकलं, कॅमेऱ्यात बघितलं तर कांबळ पांघरलेला भाचा. मग कपडे उतरवले आणि वाहाणा तेवढ्या ठेवल्या.

आमच्याकडे वेताळाला वाहाणा वाहतात आणि काही दिवसांनी त्या झिजलेल्या सापडतात असं सांगतात. तेवढं धरून मी चामड्याची एक नवी जोडी घेतली, टाच पॉलिश पेपरने घासली, अंगठ्याखाली खळगा केला, चिखलात बुडवून दोन दिवस माडाखाली टाकली. फिल्ममध्ये पहिल्या शॉटला ती नवी आहे आणि शेवटच्या शॉटला झिजलेली. मधे फक्त आवाज.

तो आवाज आम्ही घरामागच्या पाणंदीत घेतला, रात्री अकराला. भाचा वाहाणा घालून चालतोय, एक पोरगा माइक धरून मागे, बाकी सगळे दिवे बंद. तिसऱ्या फेरीला आतून आईचा आवाज आला, "कोण रे तो?" कुणी उत्तर दिलं नाही, टेक चालू होता. थोड्या वेळाने मागचं दार किलकिलं झालं, तिने उंबऱ्यावर एक विडी ठेवली आणि दार लावून घेतलं. ते सगळं रेकॉर्ड झालंय, पोरं म्हणतात ठेवायचं.