साखरपुड्याची रंगीत खड्याची अंगठी, कमी बजेटमध्ये

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, शिरण्याआधी खडा ठरवा, डिझाइनचं नंतर बघा. अंगठी रोज घालायची असेल तर खडा कठीण हवा. मोह्ज मापावर, म्हणजे खड्यांचा कठीणपणा मोजायच्या मापावर, नीलम 9, टोपाझ 8, लाल गार्नेट 7 ते 7.5. धुळीतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा 7 असतो, त्यामुळे त्याहून मऊ खडा नुसता पुसून पुसून धुरकट होतो. मोती आणि ओपल म्हणूनच रोजच्या वापराला नकोत. पाचू कठीण खरा, पण आत भेगा असतात; धक्का सोसत नाही.

मोठा, लालभडक माणिक स्वस्तात मिळतोय? बहुतेक वेळा आत शिशाची काच भरलेली असते. भिंगाखाली बारीक बुडबुडे आणि निळसर झाक दिसते. लिंबाचा रस किंवा सोनाराची आच लागली की काच खराब होते. त्यापेक्षा एक कॅरेटचा गार्नेट केव्हाही बरा. अंगठी लहान-मोठी करताना मात्र कुठलाही खडा आधी काढायला सांगा.

खडा धरणाऱ्या नख्यांपेक्षा चहूबाजूंनी पत्रा दाबलेलं कोंदण घ्या, ओढणीत अडकत नाही.

बिलात सोन्याचं निव्वळ वजन आणि खड्याचं वजन वेगळं लिहून घ्या. खड्याचा कॅरेट म्हणजे वजन: 5 कॅरेटचा खडा म्हणजे 1 ग्रॅम. तो सोन्याच्या भावात मोजला गेला तर बजेटचा तिथेच बोजवारा. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता: 14 कॅरेट सोन्यावर 585 हा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा हॉलमार्क क्रमांक, बघा, बीआयएस केअर ॲपवर तो लगेच तपासता येतो. 2 ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा नाही, तिथे शुद्धता बिलावर लिहून मागा.