गेममध्ये पार्टी घेऊन लढताय? मग या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत मिरजेचा भाचा चार दिवस सांगलीत आमच्याकडे राहायला आला होता. मांडीवर लॅपटॉप, शेजारी भडंगाचा डबा आणि समोर ‘पाथफाइंडर : किंगमेकर’, म्हणजे सहा जणांची टोळी (पार्टी) घेऊन, हवं तेव्हा थांबवून लढायचा कम्प्युटर गेम. दुसऱ्या दिवशी दुपारी वैतागून म्हणाला, "मामा, गेमच बोगस आहे. तलवार लागतच नाही."

गुहेतल्या कोळ्यांच्या झुंडीपाशी तो अडकला होता. अकरा वेळा सगळी पार्टी मेली, आणि अकराही वेळा त्याने तोच हल्ला केला. मी विचारलं, "कोपऱ्यातला लॉग वाचलास?" लॉग म्हणजे प्रत्येक वाराचा लेखी हिशेब. नव्हता वाचला. सगळ्यात जास्त चीड मला याच चुकीची येते. लॉग उघडला तर वार बसत होते, पण नुकसान शून्य. पाथफाइंडरच्या नियमांत इतक्या बारीक जिवांच्या झुंडीवर शस्त्र चालत नाही. उलट जागाभर पसरणारा मारा दीडपट लागतो. आगीच्या कुप्या त्याच्याच सामानात पहिल्यापासून पडून होत्या. फेकायला लावल्या, झुंड संपली.

इतकी महत्त्वाची गोष्ट गेमने बारीक टायपात लपवू नये, हे माझंही मत आहे. पण ती तिथे लिहिलेली असते. लागोपाठ दोन वार फुकट गेले की मी स्पेसबार दाबून गेम थांबवतो (पॉज) आणि आकडे बघतो. फासा आणि बोनस मिळून चिलखताचा आकडा गाठावा लागतो. शत्रूचं चिलखत २४ आणि तुमचा बोनस ४ असेल तर वीस बाजूंच्या फाशावर फक्त २० पडल्यावरच वार लागणार, म्हणजे १०० त ५ वेळा. अशा वेळी तलवार घासत बसू नका; आधी आशीर्वादाचे मंत्र टाका, नाहीतर वाट बदला.

दुसरी चूक म्हणजे गेम थांबलाय असं गृहीत धरणं. एका जुन्या गेममध्ये पॉज करून मी सामानाची खिडकी उघडली आणि निवांत औषध शोधत बसलो. त्या गेममध्ये ती खिडकी उघडली की पॉज सुटायचा. बाहेर आलो तोवर मांत्रिक आडवा, आणि आगीचा गोळा जिथे टाकायला सांगितला होता तिथे आमचेच दोघे जाऊन उभे. तीन तासांची मेहनत गेली, कारण सेव्हही एकच होता. तेव्हापासून नवा गेम घेतला की आधी सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-पॉज लावतो : शत्रू दिसला, कुणी जखमी झालं, मंत्र संपला, तिन्ही वेळी थांबायचं. सुरुवातीला कंटाळा येतो. येऊ द्या.

सोबत्यांचा एआय, म्हणजे त्यांचं आपोआप लढणं, बंद ठेवा, नाहीतर नको तिथे मंत्र संपवतात. दारात ढालवाला उभा करा. सेव्ह निदान तीन ठेवा, आमच्याकडे लाइटचा काही भरवसा नाही.

सहा जणांना एकदम सांभाळणं जमत नसेल तर आळीपाळीने लढायचा मोड वापरा. किंगमेकरमध्ये तो २०२० मध्ये आला. त्यात कमीपणा काही नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यात अवघड पातळी लावून वर नेटवर तयार बिल्ड (पात्र कसं घडवायचं याचा आयता नकाशा) शोधणाऱ्यांना मात्र मी मदत करत नाही. भाच्यालाही त्या दिवशी आधी पातळी खाली आणायला लावली, मगच शेजारी बसलो.