डॉग बॉक्समध्ये गिअर लाजत घालू नको

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या गॅरेजला रेसिंगचं वेड लागलेली पोरं येतात. पहिला प्रश्न ठरलेला, "मामा, क्लच कुठला टाकू?" लेका, क्लच नंतर बघू, आधी पाय सुधार.

रेसच्या गाडीत क्लचची खरी गरज सुटताना. प्लेटवर बऱ्याचदा सिंटर्ड, म्हणजे भुकटी दाबून-भाजून बनवलेल्या, धातूचे पॅड असतात, ते हळूहळू पकडत नाहीत, एकदम धरतात. म्हणून आरपीएम आधी चढवून धर, पेडल पकडीपर्यंत आण, गाडी हलली की पाय पूर्ण काढ. अर्ध्या क्लचवर रेंगाळलास की प्लेट जळाली.

खरी गंमत गिअरबॉक्सात आहे. रोडच्या गाडीत सिंक्रो रिंग घासून वेग जुळवते, मग गिअर बसतो. रेसच्या डॉग बॉक्समध्ये ती रिंगच नाही. गिअरच्या बाजूला मोजके जाड दात, त्यांनाच डॉग म्हणतात, मध्ये मोकळी जागा, आणि ते थेट एकमेकांत घुसतात. तू सावकाश, मायेनं लिव्हर ढकललास तर डॉगचे कोपरे आपटत राहतात, झिजून गोल होतात, आणि पुढं ऐन जोरात गिअर बाहेर उडतो. इथं अदब नको. खटकन घाल.

गिअर वर चढवताना क्लच लागत नाही. इंजिनाचा जोर असेपर्यंत डॉग सुटत नाहीत, कारण त्यांच्या कडा आत झुकत्या कापलेल्या असतात. लिव्हरवर आधीच ताण ठेव, ॲक्सिलरेटर क्षणभर सोड, खट, परत दाब. स्टिअरिंगमागच्या पॅडलनं गिअर बदलणाऱ्या गाडीत हा जोर कॉम्प्युटर तोडतो. १९८९ मध्ये फेरारीनं फॉर्म्युला वनमध्ये पॅडल आणले आणि ती पहिलीच रेस, ब्राझीलमधली, त्यांचा ड्रायव्हर मॅन्सेलनं जिंकली.

गिअर उतरवणं मात्र अवघड. समज, तिसऱ्याचा रेशो, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे, १.३, दुसऱ्याचा १.९, आणि इंजिन ४,००० वर आहे. त्याच वेगाला दुसऱ्यात साधारण ५,८५० लागणार. एवढे आरपीएम तूच चढवून द्यायचेस, नाहीतर मागची चाकं चालवणारी गाडी वळणाच्या तोंडावर गर्रकन फिरते. पंजा ब्रेकवर दाबलेला, पायाच्या कडेनं ॲक्सिलरेटरला टिचकी. ब्रेकचा दाब तेवढ्यात ढिला पडता कामा नये. आधी उभ्या गाडीत सराव कर, मग ट्रॅकवर. पन्हाळ्याच्या घाटात नको, तिथं समोरून एसटी येते.

रेसनंतर गिअर ऑइल काढून बघ. बारीक चमचमती भुकटी चालते. बोटाला टोचणारा तुकडा लागला, तर बॉक्स उघडायला घेऊन ये.