स्प्रिंटवरून लांब पल्ल्याकडे वळताना: बोलत पळा

१००-२०० मीटर मारणारी पोरं १० किलोमीटरला उतरली की पहिल्याच किलोमीटरला सुसाट सुटतात आणि पुढे धापा टाकतात.

१. सोबत्याशी अख्खं वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवा. शब्द तुटायला लागले की चाला, दम परत आला की पुन्हा पळा. साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटाच्या चढावर तर घड्याळ बघूच नका, फक्त श्वास बघा. हा वेग सुरुवातीला फार हळू वाटतो; वाटू द्या, दम यातूनच वाढतो.

२. आठवड्यातून एकदा मैदानावर ८० मीटरच्या ५-६ जोरदार धावा. कमावलेला वेग घालवू नका.

जपायचं ते उतारावर: घाट चालतच उतरा. चवड्यांवर पळायची सवय असलेल्यांच्या पोटऱ्या आणि नडग्या तिथेच धरतात.