सर्टिफिकेट लावण्याआधी

फार्मासिस्ट म्हणून रजिस्ट्रेशन हातात येऊन आठवडाही झाला नव्हता, तोच तालुक्याच्या एका मेडिकलवाल्यांचा फोन आला. "ताई, तुमचं सर्टिफिकेट आमच्याकडं लावा. रोज यायची गरज नाही, महिन्याला पैसे घरपोच." डी.फार्म.च्या, म्हणजे फार्मसी डिप्लोमाच्या फीसाठी बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलं होतं, त्यामुळे मोह झाला. तरी नाही म्हटलं. माझ्याच बॅचचा एक मित्र मात्र दुसऱ्या एका दुकानाला हो म्हणून पुण्याला कंपनीत रुजू झाला.

पुढं एका दुपारी त्या दुकानात औषध निरीक्षक आले. भिंतीवर मित्राचं सर्टिफिकेट, काउंटरवर दहावी झालेला पोरगा. कारवाई दुकानावर झाली आणि मित्राला वाटलं, आपण सुटलो. काही महिन्यांनी फार्मासिस्टांची नोंदणी करणाऱ्या राज्य फार्मसी परिषदेची नोटीस त्याच्या घरी आली.

नव्या मुलांचा घोटाळा नेमका इथंच होतो. दुकानाचं लायसन्स एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन देतं, १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली. आपलं नाव मात्र १९४८च्या फार्मसी कायद्याखाली राज्य परिषदेच्या रजिस्टरमध्ये असतं. दुकान बंद पडलं तर मालक दुसरं उघडेल, पण आपलं नाव निघालं तर आपण कुठल्याच दुकानात उभं राहू शकत नाही.

नाव काढण्याचं कलम ३६ प्रत्येकानं एकदा स्वतः वाचावं. चुकीची माहिती देऊन नोंदणी केली असेल, गुन्ह्यात शिक्षा झाली असेल किंवा व्यवसायाला काळिमा फासणारं वर्तन असेल, तर परिषदेची कार्यकारी समिती चौकशी करून नाव काढण्याचा आदेश देऊ शकते. हाताखालच्या माणसानं केलेलं कृत्यही, त्याला आपली फूस किंवा मूक संमती असेल तर, आपल्या अंगावर येतं. बाजू मांडायची संधी मिळते, म्हणून नोटिशीला उत्तर न देता गप्प बसणं सगळ्यात वाईट. समितीच्या आदेशावर परिषदेनं शिक्कामोर्तब करावं लागतं आणि त्यानंतर तीन महिन्यांनी तो लागू होतो. शिक्कामोर्तब झाल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. नाव निघालंच तर सर्टिफिकेट परत करावं लागतं आणि राजपत्रात तसं छापून येतं. नाव ठरावीक काळापुरतं निघू शकतं किंवा कायमचंही. पुन्हा नोंदवण्याची तरतूद आहे, पण ते परिषदेच्या मर्जीवर.

उत्तर लिहायला मित्र माझ्याकडे आला, तेव्हा एकाच प्रश्नावर अडला: त्या दुपारी औषध कोणाच्या देखरेखीखाली दिलं?

माझ्याकडूनही एकदा चूक झाली होती. पहिल्या नोकरीत मालक म्हणाले, "एच-वनच्या रजिस्टरवर सह्या करून ठेव, बाकी मी भरतो." एच-वन म्हणजे ज्यांची वेगळी नोंद ठेवावीच लागते अशा औषधांची यादी. त्यातली अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल, सेफिक्सिमसारखी औषधं देताना त्याच वेळी डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग त्यात लिहायचे असतात, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं. मी दोन कोऱ्या पानांवर सह्या केल्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. उद्या त्या जागेत कोणाच्या नावावर काय चढेल, हे माझ्या हातात उरलं नव्हतं. सकाळी दुकान उघडताच दोन्ही पानांवर तिरकी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं, तारीख घातली. मालक दुपारपर्यंत बोलले नाहीत. महिनाअखेरीस मी ती नोकरी सोडली.

म्हणून मुलाखतीला गेलात की पगाराआधी विचारा: सुट्टीच्या दिवशी काउंटरवर कोण असतं, आणि रजिस्टर कोण भरतं? मालक उत्तर देताना अडखळले तर पुढचं दुकान बघा. सर्टिफिकेट तुम्ही जिथं प्रत्यक्ष उभे राहता तिथंच लागू द्या आणि नोकरी सोडताना ते भिंतीवरून उतरवून सोबत घेऊन या. एफडीएला लेखी कळवून त्याची पोच घ्या. आणि नूतनीकरणाची तारीख मोबाइलमध्ये घालून ठेवा, कारण फी न भरल्यानंही नाव रजिस्टरमधून निघतं.